परदेशी काय शिकावे, हे कोणी ठरवावे?

परवा एक शेतमजूर गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्या दारी आले. ढाणकीत दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून त्यांनी पोरीला बारावीपर्यंत आणले. म्हणाले, "गुरुजी, कोनता विषय घेतला म्हंजे पोरगी बाहेर देशी लागन?" पुण्याच्या कोणा नातलगाने त्यांस संगणकाखेरीज दुसरे नावच घेऊ दिले नव्हते. पोरीस विचारले, तर ती म्हणाली, "मले हे शिकाचं हाये, की आपल्याले जमीन काऊन नाही." बाप हसला. आम्हांस हसू आले नाही.

नातलग खोटे बोलला नाही. परदेशी पदवीधरास अमेरिकेत बारा महिने कामाची मुभा मिळते. विज्ञान, तंत्र व गणितवाल्यांस आणखी चोवीस महिने द्यावेत, असे तेथील सरकारने 2016 साली ठरविले. साहजिकच सारी गर्दी त्या दारी. ज्याची बुद्धी त्या विषयात चालते त्याने तिकडे खुशाल जावे. पण ज्याची चालत नाही, त्याने कर्जाचा डोंगर डोक्यावर घेऊन तेथे नापास व्हावे, हा कोठला व्यवहार?

आमच्या पूर्वजांनी काय केले ते पहा. पापळच्या शेतकऱ्याचे चिरंजीव पंजाबराव देशमुख 1920 साली विलायतेस गेले. बॅरिस्टर तर झालेच, पण प्रबंध कशावर लिहिला? वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर! तो ग्रंथ 1933 साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून निघाला. ज्यांच्या कानी वेद पडू नयेत म्हणून शास्त्रे लिहिली गेली, त्यांच्यातल्या एका कुणब्याने वेद उलटेपालटे करून तपासले. पुढे हेच गृहस्थ देशाचे कृषिमंत्री झाले, तेव्हा वेदांच्या अभ्यासाने त्यांची पोटाची वाट बंद झाली असे कोणास म्हणता येणार नाही. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. अर्थशास्त्र शिकले, आणि 1916 साली तेथेच हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. तो पैसा दिल्याबद्दल बडोद्यास कधी खाली पाहावे लागले नाही.

आता दिल्लीची मौज पहा. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. जागा साऱ्या मिळून 125. त्या योजनेत 2022 साली एक कलम घातले गेले: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन, या विषयांस पैसा नाही. कारण काय, तर त्याची साधने व जाणकार देशातच आहेत. म्हणजे पंजाबरावांचा प्रबंध बाद, बाबासाहेबांचा निबंध बाद! साहेब, वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांकडे गेला; त्या कंपनीचे नि पुढील इंग्रजी अमलाचे दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पडले आहे. ते ढाणकीत कोण आणून देणार? शिवाय देशातल्या जाणकारांच्या गादीवर पिढ्यान्‌पिढ्या कोण बसले आहेत, हेही आम्हांस ठाऊक आहे. ज्यांच्या बापांजवळ पैसा आहे त्यांची मुले हाच विषय परदेशी शिकतील, परत येऊन आमच्याविषयी ग्रंथ लिहितील, आणि आमच्या पोरांनी त्यांत आपली हकीकत वाचावी! गरिबाच्या पोराने यंत्र चालवावे, पण ते कोणासाठी चालते हे विचारू नये, एवढाच या कलमाचा अर्थ आम्हांस लागतो. आमचे खासदार निवडणुकीत फुले-आंबेडकरांचे नाव घेतात. हे कलम घेऊन त्यांस एकदा तरी धारेवर धरले पाहिजे.

त्या गृहस्थांस आम्ही सांगितले ते असे. पोरीस उमरखेडला बी. ए.स घाला, अर्थशास्त्र व इतिहास घेऊ द्या. परदेशी शिष्यवृत्त्या बहुतेक पदवीनंतरच्या, त्यामुळे घाई नको. केंद्राच्या योजनेस पदवीला साठ टक्के लागतात व विद्यापीठ जगाच्या यादीत वरचे लागते, तेव्हा तीन वर्षे इंग्रजीचा रोज एक तास. अर्जात विषय जमिनीच्या अर्थकारणाचा लिहावा, चार देशांची तुलना घालावी; कलमाच्या कुंपणातून वाट काढणे हाही अभ्यासच आहे. बापाने ऐकून घेतले. "आन्‌ नौकरी?" म्हणाले. आम्ही म्हटले, बाबासाहेबांनी अर्थशास्त्रच घेतले होते, आणि या विषयाची नोकरी बँकेत आहे, सरकारात आहे, महाविद्यालयात आहे. ते अद्याप विचारात आहेत. प्रवेशाचा अर्ज भरावयास आणखी आठ दिवस आहेत.