ठिणगीचा मुहूर्त

मोटारसायकलीचा मूळ सायलेन्सर काढून तेथे फटाके फोडणारी नळी बसविणाऱ्या तरुणांविरुद्ध पोलीस खात्याने मोहीम काढावी, जप्त केलेल्या नळ्या भर चौकात रोलरखाली चिरडाव्यात, त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यावे आणि पंधरवड्याच्या आत उदगीर-देवणी रस्त्यावर तोच आवाज पुन्हा ऐकू यावा, हा क्रम आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही उणे आहे अशी शंकाही कोणास येत नाही. दंडास आमचा विरोध नाही; कायद्याचा अंमल झालाच पाहिजे. परंतु ज्या मुलाला वेगाची हौस आहे त्याला हे कोणी सांगतच नाही, की त्याच्या वाहनाचा तो कडकडाट शक्तीचा नसून शक्तीच्या अपव्ययाचा आहे. ठिणगी उशिरा पडली, किंवा मुद्दाम तोडली, की पिस्टनला रेटा देण्यासाठी असलेले इंधन सिलिंडरात पुरते न जळता बाहेरच्या तापलेल्या नळीत जाऊन जळते. म्हणजे पैसा मालकाचा जातो, कान वाटसरूचे फुटतात आणि चाकापर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही.

मिस्त्री लोक ज्याला ‘टायमिंग’ म्हणतात तो हा विषय समजून घ्यायचा असेल तर तो त्याच्या सर्वांत उग्र रूपात पाहावा. अमेरिकेत १९५१ साली वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली, ती रस्त्यावरच्या बेफाम शर्यतींना बंदिस्त धावपट्टीवर आणून नियमांत बसविण्याच्या हेतूने. पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची अथवा ४०२ मीटरची सरळ पट्टी, दोन गाड्या आणि एक घड्याळ, एवढाच या शर्यतीचा सरंजाम. या पट्टीवर शेवरलेचे ४५४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचे इंजिन, किंवा क्रायस्लरने १९६४ साली शर्यतीत उतरविलेले ४२६ घनइंचांचे ‘हेमी’, अशी ‘बिग ब्लॉक’ म्हणून ओळखली जाणारी आठ सिलिंडरांची अवजड यंत्रे नावारूपाला आली, आणि आजचे कसबी कारागीर त्यांच्यातून हजाराहून अधिक अश्वशक्ती काढतात. अशा इंजिनात ठिणगीची वेळ अंश दोन अंशांनी चुकली, तर त्याचे प्रायश्चित्त फुटलेल्या पिस्टनच्या रूपाने तत्काळ मिळते.

ठिणगी पडली की इंधन एकदम पेटते, असा सामान्य समज आहे. प्रत्यक्षात ज्वालेला सिलिंडरभर पसरण्यास वेळ लागतो, आणि म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. मिनिटाला ६००० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाची एक फेरी एका सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरी होते. ठिणगी माथ्याच्या ३६ अंश आधी पडली, तर ज्वालेच्या हाती फक्त एक सहस्रांश सेकंद उरतो. या अवधीचा हिशेब असा बसावा लागतो, की सर्वाधिक दाब पिस्टनने माथा ओलांडल्यावर सुमारे १५ अंशांवर यावा. तो आधी आला तर वर चढणाऱ्या पिस्टनलाच तो अडवितो. नंतर आला तर उष्णता धुरावाटे निघून जाते. ज्या पशूमुळे देवणीचे नाव देशभर झाले त्या देवणी बैलाची कीर्ती धावण्यापेक्षा जड ओझे ओढण्याविषयी अधिक आहे, आणि भरलेली गाडी चढावर काढणारा गाडीवान जाणतो की हाक चढाच्या फार आधी दिली तर जोडी व्यर्थ दमते आणि उशिरा दिली तर गाडी मागे सरते. ठिणगीचा मुहूर्तही असाच दोन्ही बाजूंनी बांधलेला असतो.

मग हा मुहूर्त काढावा कसा? येथेच खऱ्या कारागिराची आणि ऐकीव माहितीवर चालणाऱ्याची वाट निराळी होते. बिग ब्लॉक शेवरलेला ३६ ते ३८ अंश लागतात, ही गोष्ट त्या क्षेत्रात सर्वतोमुखी आहे. तथापि जाणता कारागीर त्या आकड्यापासून केवळ प्रारंभ करतो. प्रथम तो क्रँकच्या पुढील चक्रावरची माथा दाखविणारी खूणच संशयास्पद मानतो, कारण त्या चक्राचे बाहेरचे कडे रबरावर बसविलेले असते आणि कालांतराने ते सरकते. प्लगच्या भोकातून पिस्टनला अडथळा लावून, चक्र दोन्ही दिशांनी हाताने फिरवून, जेथे जेथे ते अडले त्या दोन खुणांचा मध्य तो काढतो, आणि तोच खरा माथा समजतो. त्यानंतर टायमिंग लाइटच्या लुकलुकत्या उजेडात, इंजिन चढ्या फेऱ्यांवर असताना, तो अंश वाचतो. आणि शेवटी गाडी धावपट्टीवर नेऊन, एका वेळी दोनच अंश बदलून, पट्टीच्या अखेरीस गाडीचा वेग किती भरला याची नोंद करतो. आगाऊ अंश वाढविले आणि वेग वाढेनासा झाला, की तो मागे फिरतो. जास्तीत जास्त रेटा देणारी कमीत कमी आगाऊ वेळ, हे या शास्त्राचे सूत्र आहे. ‘आणखी थोडे’ म्हणणाऱ्याला त्यात स्थान नाही.

स्थान नाही ते याकरिता, की मर्यादा ओलांडल्यावर सिलिंडराच्या कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला भोक पडते. शर्यतीच्या गाडीच्या उघड्या नळ्यांच्या गर्जनेत हे ठोकणे ऐकूही येत नाही. म्हणून कारागीर कानावर विसंबत नाही, तर प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे कण दिसतात काय हे भिंगाने पाहतो. नायट्रस वायूने ५० अश्वशक्ती वाढविली की ठिणगी सुमारे दोन अंश मागे घ्यावी, असा ठोकताळा आहे, आणि तोही पुन्हा प्लगवर ताडूनच स्वीकारला जातो. अमर्याद वाटणाऱ्या या खेळाचा पाया असा संयमाचा आहे.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका आहे असेही नाही. राजदूत, येझदी आणि बुलेट यांच्या काळात गावोगावचे मिस्त्री सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून, तो कोणत्या क्षणी मोकळा होतो यावरून टायमिंग लावीत; आणि ठिणगी फार आधी पडत असेल तर बुलेटची किक उलटून पायावर बसे, इतका तत्काळ निकाल त्या विद्येत होता. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहाचे मानक देशभर लागू झाले तोवर नव्या गाड्यांचे हे सारे काम संगणकाच्या पेटीत गेले. प्रदूषणाच्या दृष्टीने ते इष्टच झाले. परंतु त्याबरोबर मिस्त्रीच्या हातातले मोजमाप गेले, आणि त्या रिकाम्या जागी ‘चिप बसवा, पिकअप वाढवा’ असे सांगणारा विक्रेता येऊन बसला. त्याने भरलेला आकडा आपल्या गाडीला, आपल्या उन्हाळ्याला आणि आपल्या पेट्रोलला मानवतो की नाही, हे पडताळण्याचे साधन ना ग्राहकाजवळ आहे ना गॅरेजवाल्याजवळ. त्यातच पेट्रोलचा स्वभावही पालटला आहे: मराठवाड्यातल्याच उसाचा अंश ज्यात असू शकतो ते २० टक्के इथेनॉलचे मिश्रण ठोकण्याला अधिक दाद देत नाही, पण त्याची उष्णता साध्या पेट्रोलहून कमी आहे, तेव्हा परदेशातून अथवा पुण्याहून उसना आणलेला आकडा येथे जसाच्या तसा चालेल, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे होय.

कोणी म्हणेल, अशाने वेगाला उत्तेजनच मिळेल. आमचे मत याच्या उलट आहे. बैलगाडा शर्यतींचे उदाहरण ताजे आहे: ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली, २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरविली; आज शर्यत भरवावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि अटी पाळाव्या लागतात. बैलांच्या बाबतीत जी तजवीज सरकारला सुचली ती मोटारसायकलींच्या बाबतीत का सुचू नये? लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. पण तेथपर्यंत जाण्याची ऐपत देवणीच्या मुलाची नाही, आणि म्हणून त्याची शर्यत राज्यमार्गावर, ऊसवाहू ट्रॅक्टरांच्या गर्दीतच होते.

सराव परीक्षा घेऊन चुका शोधण्याच्या शिस्तीवर ज्या लातूरने आपला ‘पॅटर्न’ उभा केला, त्याच शिस्तीची ही मागणी आहे. तालुक्यातालुक्यांतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत टायमिंग लाइट, डायल गेज आणि संगणक-पेटी वाचणारे यंत्र असावे, लातूर आणि नांदेड येथे इंजिनाची शक्ती मोजणारा एकेक डायनॅमोमीटर असावा, आणि वर्षातून एकदा पोलीस, परिवहन खाते व रुग्णवाहिका यांच्या देखरेखीखाली, रहदारीपासून तोडलेल्या सरळ पट्टीवर, शिरस्त्राण घातलेल्या कोणालाही पाव मैल धावून आपली वेळ व अखेरचा वेग छापील स्वरूपात घेता यावा. फटाके फोडणारी गाडी आपल्याच गावच्या साध्या, नीट टायमिंग लावलेल्या गाडीच्या मागे पडली, हे ज्या मुलाने एकदा कागदावर वाचले, त्याला पुन्हा उपदेश करण्याची गरज सहसा पडणार नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी पुढील वर्षाच्या आराखड्यात यासाठी तरतूद करावी, आणि पहिल्या वर्षी पट्टीवर किती मुले आली व रस्त्यावरचे गुन्हे किती नोंदले गेले, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी प्रसिद्ध करावेत. योजना चालू ठेवावी की गुंडाळावी, हे त्यावरूनच ठरावे.