कुर्ल्याची डॉज आणि मूळ पाठ

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधील एका गॅरेजात गेली दोन वर्षे एक डॉज किंग्जवे मुक्कामाला आहे. मॉडेल १९५२ चे. ‘आहे’ म्हणायचे एवढेच. बॉडी लाकडी ठोकळ्यांवर, दरवाजे पोटमाळ्यावर, चाके भिंतीला टेकून, आणि बॉनेटवरचा तो प्रसिद्ध एडका मालकांच्या घरी, जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात. मालक म्हणजे माझे एक ज्येष्ठ, आता निवृत्त झालेले सहकारी. ते बदलापूरला राहतात. त्यांचे वडील डॉक्टर होते आणि याच गाडीतून मुरबाडच्या बाजूच्या खेड्यांत रुग्ण पाहायला जात. मला स्वतःला मोटारीतले काही कळत नाही. एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवणे हा माझा उद्योग. आणि बहुधा म्हणूनच, या गाडीवरून त्यांच्या घरात जो वाद उभा राहिला त्यात मला पंच म्हणून बोलावणे आले.

वाद असा. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा डॉक्टरांनी गाडीचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन काढून टाकले आणि त्या जागी पर्किन्सचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवून घेतले. नोंदणीच्या पुस्तकात तशी नोंद आहे. काढलेले इंजिन कुर्ल्याला भंगारात गेले. डिझेलवर गाडी पुढे सतरा-अठरा वर्षे चालली. थरथरत, धूर ओकत, पण चालली. आता न्यू जर्सीत राहणाऱ्या पुतण्याच्या मनात आहे की आजोबांची गाडी ‘फॅक्टरी-करेक्ट’ व्हावी. म्हणजे कारखान्याच्या फाटकातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशी होती तशी. स्क्रूसुद्धा त्याच जातीचा, त्याच मुलाम्याचा. त्याने भागक्रमांकांसह लांबलचक यादी पाठवली आहे. कार्ब्युरेटर कार्टर कंपनीचाच हवा, वायरिंग सहा व्होल्टचेच हवे, आणि बॅटरीचे धन टोकच चेसिसला जोडलेले हवे, कारण १९५५ पर्यंत क्रायस्लरच्या गाड्यांत तसेच असे. ओहायोतील कोणाकडे त्याने जुने इंजिनही पाहून ठेवले आहे. त्याच्या काकांचे म्हणणे एकच: दादांनी बसवलेले इंजिन मी काढणार नाही.

पुतण्याच्या हट्टाकडे हौशी परदेशस्थाचा चोचला म्हणून पाहणे सोपे आहे. मीही आरंभी तसेच पाहिले, आणि ती माझी चूक होती. अमेरिकेत या कामाची शिस्त मोठी आहे. तेथील जुन्या मोटारींचा सर्वांत मोठा क्लब १९३५ साली स्थापन झाला, आणि तेव्हापासून परीक्षणाची एक परंपराच उभी राहिली. गाडीचे इंजिन तिचेच आहे काय, हे ओतकामावरचे व ठशांचे आकडे जुळवून ठरवतात. काचेवरची खूण, होसपाइपचा विणकाम-पोत, नटाचा आकार, सारे काही तपासतात. कारखान्यापेक्षा अधिक चकचकीत काम करणे हाही काही परीक्षकांच्या लेखी दोषच. याहून मौज अशी की, त्या काळच्या कामगारांनी तपासणी झाल्याची खूण म्हणून सांगाड्यावर खडूने मारलेल्या फुल्या आणि रंगाचे ओघळसुद्धा काही मंडळी हुबेहूब उतरवतात. हे वाचले तेव्हा मला आपले जुने लेखनिक आठवले. समोरच्या पोथीतली चूक चूक म्हणून कळत असूनही, ‘जैसे पाहिले तैसे लिहिले’ या भावनेने ती जशीच्या तशी उतरवणारा लेखनिक पाठचिकित्सकाला देवासारखा वाटतो. घोटाळा करतो तो शहाणा लेखनिक, जो सुधारत जातो.

तेव्हा तत्त्व मान्य. प्रश्न पुढे आहे, आणि तो मला सुचला नाही. गॅरेजच्या उस्तादाने विचारला. सिंधी गृहस्थ, साठीच्या पुढचे. यादी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि म्हणाले, “सर, फॅक्टरी बोले तो कौनसी फॅक्टरी?”

या एका प्रश्नात सगळे आले. ही गाडी डेट्रॉइटहून चालत आलेली नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, क्रायस्लरशी करार केला, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात पेट्यांतून आलेल्या सुट्या भागांची जुळणी होऊ लागली. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना त्याहून जुना, १९२८ चा. परंतु केवळ जुळणी नको, निर्मिती हवी असे धोरण सरकारने १९५३ च्या सुमारास घेतले तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघेही येथून निघून गेले, आणि अमेरिकी मोटारीचे नाव कुर्ल्यापुरते उरले. या कुर्ल्याच्या गाड्यांत सुटे भाग येथेच बनवण्याचे प्रमाण पुढे हळूहळू वाढत गेले. मग या गाडीचा ‘कारखाना’ कोणता? डेट्रॉइटचे माहितीपुस्तक उघडून कुर्ल्याची गाडी दुरुस्त करणे म्हणजे काश्मिरी पोथी हाती धरून दाक्षिणात्य पोथीतले पाठ ‘शुद्ध’ करण्यासारखे आहे. दोन्ही महाभारतेच, पण एक दुसरीचे प्रमाण नव्हे.

बरे, डेट्रॉइटची मूळ प्रत तरी एकच आहे काय? किंग्जवे ही प्रत्यक्षात प्लिमथचीच बॉडी, डॉजची जाळी व नावपट्टी लावून विशेषतः परदेशी बाजारासाठी काढलेली. तीच गाडी वेगळ्या जाळीने डिसोटो डिप्लोमॅट होई, आणि प्लिमथ सॅव्हॉय या नावानेही कुर्ल्याहून निघे. एकाच संहितेच्या तीन शाखा, आणि तिन्हींवर वेगवेगळ्या कर्त्यांची नावे! उस्तादांना हे पुस्तक न वाचता ठाऊक होते. तिन्ही गाड्यांचे बरेचसे भाग एकमेकींना बसतात हे त्यांच्या बोटांनी शिकवले होते. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट आट्यांचे असतात, हेही. (टायरवाल्या पोरांनी ते जोर लावून तोडले, ही या गाडीच्या चरित्रातील वारंवार येणारी घटना आहे.)

विष्णु सीताराम सुकथनकरांनी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आदिपर्वाला १९३३ साली जी प्रस्तावना लिहिली, ती या वादात मला फार उपयोगी पडली. १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेले हे काम. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. सामान्य समजूत अशी की एवढा खटाटोप व्यासांनी लिहिलेले मूळ महाभारत शोधण्यासाठी झाला. सुकथनकरांचा दावा तसा नव्हताच. उपलब्ध पोथ्यांच्या पुराव्यावर जितके मागे जाता येईल तितके जाणे, आणि तेथे थांबणे. जेथे पाठ निश्चित नाही तेथे त्यांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. मुख्य पाठाबाहेर पडले ते फेकले नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. माझ्या मते या आवृत्तीची खरी थोरवी या नागमोडी रेघेत आहे. ‘येथे मला खात्री नाही’ असे छापून सांगण्याची हिंमत आपल्याकडे दुर्मीळ. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शोधून शुद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीद दिली. पण त्यांनी काय गाळले, कशाच्या आधारे गाळले, हे आज आपल्याला कळायला मार्ग नाही. राजवाडे १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापतात, आणि मग तिच्या प्राचीनतेवर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतो. तळटीप नसली की असेच होते.

मोटारीच्या जीर्णोद्धारातही मला हवी आहे ती ही तळटीप. ‘ओरिजिनल’ची हौस हवीच, पण ज्या ओरिजिनलला नागमोडी रेघ ठाऊक नाही, त्याच्यापासून मी सावध राहतो.

आता उल्हासनगर. ‘ओरिजिनल’ हा शब्द या शहरात उच्चारला की ऐकणारा हसतो. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मी विद्यार्थी असल्यापासून ऐकतो आहे आणि दरवर्षी नवा विद्यार्थी तो मला नव्याने ऐकवतो. विनोदामागची गोष्ट तितकी हसण्यासारखी नाही. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवले गेले, आणि १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीला गावाचे नाव मिळाले. ज्या माणसांचे मूळ गाव सीमेपलीकडे राहिले, त्यांनी हाताशी येईल त्यातून वस्तू उभ्या करण्याची कला कमावली. त्यात फसवणूकही होती, नाही असे नाही. पण परवान्याच्या राज्यात परदेशी सुटा भाग सरळ मागवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते, त्या काळात जुन्या अमेरिकी गाड्या रस्त्यावर राहिल्या त्या ‘फॅक्टरी-करेक्ट’ भागांवर नव्हे. कुर्ल्याच्या भंगारातून काढलेल्या, अंबरनाथच्या एखाद्या लेथवर घासून बसवलेल्या, कोठल्या तरी ट्रकच्या भागाला कापून जुळवलेल्या वस्तूंवर राहिल्या. मूळ प्रत कसरीने खाल्ली तरी ग्रंथ टिकतो तो नकलकारांमुळे. त्या नकलकाराला खोटारडा म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. खोटेपणा नकलेत नसतो. नक्कल करून तिच्यावर मूळ कंपनीचा ठसा मारण्यात असतो.

या साऱ्याला कायद्याची एक धारही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि इंजिन, चेसिस वा बॉडीत मोठा फेरफार न झालेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. म्हणजे डॉक्टरांचे पर्किन्स जागेवर राहिले तर त्या क्रमांकाची आशा सोडावी लागणार. पुतण्याचा मुख्य मुद्दा हाच, आणि तो लेचापेचा नाही. मात्र त्यातली गंमत पाहा. ओहायोत कोणा अनोळखी माणसाच्या प्लिमथमधून काढलेले इंजिन या गाडीत बसवले की गाडी ‘मूळ स्वरूपात’ आली असे दिसेल; आणि ज्या इंजिनाची रीतसर नोंद पुस्तकात आहे, ज्याने या गाडीला प्रत्यक्षात चालवले, ते मात्र प्रक्षिप्त ठरेल! मूळ इंजिन कुर्ल्याच्या भट्टीत केव्हाच वितळले. ओहायोचे इंजिन म्हणजे दुसऱ्या पोथीतला पाठ. सुबक असेल, त्याच काळचा असेल, पण या पोथीचा नव्हे.

पंच म्हणून मी हे सांगितले तेव्हा माझ्या सहकाऱ्यांच्या आई, वय वर्षे त्र्याण्णव, आतल्या खोलीतून म्हणाल्या, “अहो, त्यांना ते डिझेल कधीच आवडलं नाही. बसवल्यापासून रोज शिव्या घालायचे.” मी निरुत्तर झालो, हे कबूल करतो. कर्त्याला स्वतःलाच जो पाठ नावडता, तो राखायचा कोणासाठी? नाइलाजाने केलेला बदल आणि मनापासून केलेला बदल यांना एकाच तागडीत तोलायचे काय? दोन दिवस मी यावर विचार केला. मग मला असे वाटले की नाइलाज हाही चरित्राचाच भाग आहे. मुरबाडच्या रस्त्यावर रात्री रुग्णाकडे जाणारा डॉक्टर, पेट्रोल परवडत नाही म्हणून, आवडत्या गाडीचे इंजिन उपटून काढतो. त्या शिव्यांसकट ते इंजिन मला त्या सुबक कार्टर कार्ब्युरेटरपेक्षा अधिक खरे वाटते. माझे मत पर्किन्सच्या बाजूने पडले. ते चूकही असेल. पण त्याची कारणे मी दिली आहेत.

याचा अर्थ काहीही चालेल असा मात्र नाही. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देतात त्या जुन्या गाड्या पाहा: झगझगीत लाल रंग, पांढरे रेक्झिन, मापापेक्षा रुंद टायर, मिळेल तेथे क्रोम. तेथे बदल गरजेपोटी झालेला नसतो आणि त्याची नोंदही कोठे नसते. ती भाषांतराच्या नावाने केलेली रूपांतरे. या गाडीच्या बॉडीपुरता मी पूर्णपणे पुतण्याच्या पक्षाचा आहे. दरवाजाच्या आतल्या कडेला, बिजागरीच्या मागे, जुन्या रंगाचा एक पट्टा नंतरच्या तीन थरांखाली सापडला आहे, फिकट राखाडी-हिरवा. डेट्रॉइटच्या रंगपुस्तकात काय आहे ते पाहण्याची गरज नाही. कुर्ल्याला जो लागला तोच लावायचा.

निर्णय अर्थात मालकांचा. पर्किन्स राहते आहे. ओहायोच्या माणसाला नकार कळवला गेला, आणि पुतण्याचे त्यानंतर पत्र आलेले नाही. काकांना ते लागले आहे, बोलत नाहीत एवढेच. नव्याने बनवाव्या लागणाऱ्या प्रत्येक भागावर आतल्या बाजूने साल ठोकावे, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा, आणि पेटी गाडीच्या डिकीतच असावी, एवढ्या माझ्या तीन सूचना मान्य झाल्या. गेल्या आठवड्यात अंबरनाथच्या एमआयडीसीतील एका निवृत्त टर्नरने दरवाजाच्या मुठीचा पितळी गाभा करून दिला. काम इतके नेटके की जुना कोणता आणि नवा कोणता हे हातात धरूनही सांगता येईना. सालाचा ठसा कोठे मारायचा म्हणून उस्तादांनी फोन केला. मी म्हटले, आतल्या बाजूला, जेथे मूठ काढल्याशिवाय दिसणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, इतकी वर्षे बाहेरून दिसेल असा ठसा मारायचे पैसे मिळत होते. आत मारायचा ठसा पहिल्यांदाच करतो आहे, अक्षर केवढे ठेवू?