घरपोच सेवेचा मोबदला, बक्षिसी आणि एक टक्क्याची वजावट

नवी दिल्ली : हॉटेलातील वाढपी आणि दुचाकीवरून खाद्यपदार्थ घरपोच करणारा कामगार या दोघांनाही ग्राहक खूश होऊन वरचे चार पैसे देतो. आयकर कायदा मात्र या दोघांना एका रांगेत बसवत नाही. त्याच्या लेखी पहिला पगारदार आहे, तर दुसरा व्यावसायिक. विवरणपत्र भरताना होणाऱ्या गोंधळाचे मूळ याच फरकात आहे.

वाढप्याच्या बक्षिसीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०१६ रोजी आयटीसी कंपनीच्या खटल्यात निकाली काढला. ग्राहकाने क्रेडिट कार्डाने दिलेली आणि हॉटेलने कर्मचाऱ्यांत वाटलेली बक्षिसी हा पगार नव्हे, कारण ती मालकाकडून नव्हे तर ग्राहकाकडून येते, असे न्यायालयाने म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच्या उलट निर्णय दिला होता. हॉटेलची कर कापण्याची जबाबदारी या निकालाने संपली. परंतु बक्षिसी करमुक्त झाली नाही. ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली ती कर्मचाऱ्याने स्वतः दाखवावयाची आहे.

घरपोच सेवा देणाऱ्याची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. कंपन्या त्याला ‘भागीदार’ म्हणतात. त्यामुळे त्याला ना पगारपत्रक मिळते, ना फॉर्म १६. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ‘गिग कामगारा’ची व्याख्या पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरची व्यक्ती अशीच केली आहे. त्याचा मोबदला कंत्राटाची रक्कम मानला गेल्यास, वर्षाची एकूण रक्कम एक लाख रुपयांवर जाताच १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४सी नुसार एक टक्का कर कापला जातो. पॅन दिलेला नसेल, तर हाच दर २० टक्के होतो.

दरमहा २५ हजार रुपये मिळवणाऱ्याचे उदाहरण घेता येईल. वर्षाचे तीन लाख होतात आणि त्यातून तीन हजार कापले जातात. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे. म्हणजे देय कर शून्य. तरीही विवरणपत्र भरल्याखेरीज ते तीन हजार परत मिळत नाहीत. ज्याच्यावर कराचा बोजाच नाही, त्यानेच आपला पैसा सोडवून आणण्यासाठी अर्ज करावा, असा हा प्रकार आहे.

पगार नसल्यामुळे येथे ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ चालत नाही. ते सदोष ठरून नोटीस येऊ शकते. कलम ४४एडी नुसार बँकेमार्फत आलेल्या जमेच्या सहा टक्के, तर रोख जमेच्या आठ टक्के रक्कम नफा मानून ‘सुगम’ म्हणजे आयटीआर-४ भरता येते. पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवण्याची गरज उरत नाही. दलालीच्या उत्पन्नाला मात्र ही सवलत नाही. म्हणून कर कोणत्या कलमाखाली कापला गेला, हे फॉर्म २६एएस मध्ये आधी पाहणे इष्ट. २०१६ चा निकाल नोकरदारांपुरता होता. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला कामाच्या ओघात मिळालेली बक्षिसी, मग ती ॲपवरून येवो वा हातात, व्यवसायाच्या जमेत धरणेच सयुक्तिक.

या सोयीला दुसरी बाजूही आहे. वरील उदाहरणात सहा टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाचा नफा अवघा १८ हजार रुपये दिसतो. कर वाचवण्याची या कामगाराला गरज नसते. त्याला गरज असते ती नव्या दुचाकीच्या किंवा घराच्या कर्जासाठी उत्पन्नाच्या पुराव्याची, आणि वर्षाला १८ हजार मिळवणाऱ्यास कोणती बँक दारात उभी करील? सहा टक्के ही किमान मर्यादा आहे. प्रत्यक्षात अधिक नफा झाला असल्यास तो दाखवावा, असे कायदाच सांगतो. पेट्रोल व दुरुस्ती वजा जाता वरील कामगाराकडे दीड-दोन लाख उरत असतील, तर तोच आकडा विवरणपत्रात लिहिल्याने कर शून्यच राहील आणि तीन हजारांचा परतावाही कमी होणार नाही.