खुर्चीचं भाडं

साखळी कॅफेंना नावं ठेवणं पुण्यात सोपं आहे आणि फर्ग्युसन रस्त्यावर तर ते कर्तव्यच मानतात. एका टोकाला १९३५चं गुडलक, पुढे रूपाली, वैशाली. अशा रस्त्यावर कुणी कागदी कपातून अडीचशे-तीनशे रुपयांची कॉफी विकायला बसावं म्हणजे धाडसच. चवीबद्दल माझंही मत वेगळं नाही. फिल्टर कॉफीपुढे ती फिकीच. पण मुलं तिथे कॉफी प्यायला जातात, हा आम्हा पन्नाशीपुढच्यांचा गैरसमज आहे.

रविवारी सकाळी वैशालीत बसून बघा. पुढ्यात इडली येईपर्यंत खुर्चीमागे पुढचं कुटुंब येऊन उभं राहतं आणि त्यातल्या आजोबांची नजर थेट आपल्या सांबारावर असते. तिथे प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडून कोण बसणार? शिवाय ओळखी फार. शेजारच्या टेबलावर मावशीची मैत्रीण, गल्ल्यापाशी बाबांच्या ऑफिसातलं कुणीतरी. जातीबाहेर लग्न करायचं की नाही, हे ठरवायला बसलेल्या दोघांना असली आपुलकी परवडत नाही. त्यांना साखळी कॅफेचा परकेपणाच हवा असतो. काउंटरवरचा मुलगा कपावर नाव लिहितो, तेही बहुधा चुकीचं, आणि पाच मिनिटांत विसरतो.

परवा अशाच एका कॅफेत शेजारच्या मुलीने ‘काका, एवढा चार्जर लावता का तिकडे?’ म्हणून वायर पुढे केली. एलएल.बी.च्या नोट्स पसरलेल्या, आणि ग्लासात तळाशी दोन बोटं कोल्ड कॉफी. बर्फ वितळून तिचं पार पाणी झालं होतं. मी ग्लासाकडे बघतोय हे पाहून म्हणाली, ‘संपवली की उचलून नेतात हो. मग नुसतं बसायला लाज वाटते.’ म्हणजे ते दोन बोटं पाणी ही तिची भाडेपावती.

ही गोष्ट कॅफे कॉफी डेने, म्हणजे सीसीडीने, सुरुवातीलाच ओळखली असावी. १९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर त्यांचं पहिलं दुकान उघडलं, ते सायबर कॅफे म्हणून. संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ चिकमगळूरचे, घरचेच कॉफीचे मळे. पण गिऱ्हाईक पैसे मोजत होतं ते इंटरनेटपुढे बसायचे. पुढे इंटरनेट खिशात आलं. बसायची गरज मात्र तशीच राहिली.

साखळीला व्यक्तिमत्त्व नसतं, असं म्हणणाऱ्यांनी कोलकात्याचं कॉलेज स्ट्रीट आठवावं. तिथल्या ज्या कॉफी हाउसच्या अड्ड्याचे गोडवे बंगाली माणूस आजही गातो, ते मूळचं कॉफी बोर्डाच्या साखळीतलंच. बोर्डाने हात काढून घेतल्यावर कामगारांच्या सहकारी संस्थेने ते चालवायला घेतलं. १९५८मध्ये ते बंद पडलं, तेव्हा कलकत्ता विद्यापीठ आणि प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज करून ते पुन्हा उघडायला लावलं. कॉफीच्या दुकानासाठी प्राध्यापकांनी अर्ज करावा, हे मला फार आवडतं.

पण त्या कॉफी हाउसात खिसा रिकामा असलेलाही एका कपावर दुपार काढू शकायचा. आमच्याकडे दारातच चाळणी लागते. सदाशिव पेठेत एमपीएससीची तयारी करणारा लातूर-नांदेडचा मुलगा या कॅफेत शिरत नाही. तो अभ्यासिकेतल्या हातभर टेबलाचं महिन्याचं भाडं भरतो आणि चहा उभ्याने पितो. अमृततुल्याच्याही आता साखळ्या झाल्यात. पाटी सगळीकडे तीच, चहा स्वस्त, बसायला मात्र काही नाही.

बसायच्या जागेसाठी खासगी कंपन्यांवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. दीड हजारांवर गेलेली सीसीडीची दुकानं सिद्धार्थ गेल्यानंतर काही वर्षांत पाचशेच्या आत आली. उरलं कॉलेज. तिथल्या ग्रंथालयात बोलता येत नाही, आणि येऊही नये. वर्ग तास संपला की कुलूपबंद. चार जणांनी छपराखाली बसून तावातावाने भांडावं, अशी फुकटची जागा आपल्या किती कॉलेजांत आहे? नव्या इमारतीच्या आराखड्यातलं एखादं वातानुकूलित सभागृह खोडा. वर्षातून चार सत्कार होतात तिथे. त्याच जागेत टेबलं मांडा, प्लग आणि पंखे लावा, रात्री दहापर्यंत दिवे चालू ठेवा. कॉफीचं यंत्र नसलं तरी चालेल.