बांध कुणाचा, वाट कुणाची?

रविवारची सकाळ ही आता बऱ्याच मराठी घरांत पडद्यावरच्या भेटीची वेळ झाली आहे. कॅलिफोर्नियात शनिवारची रात्र झालेली असते. झोपण्याआधी नातवंडे आजी-आजोबांना पडलेला दात दाखवतात आणि इकडे आजी फोन इतका जवळ धरते की पलीकडच्यांना तिचे कपाळच तेवढे दिसते. या भेटीचे वेगळे बिल येत नाही, म्हणून ती फुकट आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चित्र आटवून लहान करणे, आवाजातला प्रतिध्वनी काढून टाकणे, दोन फोनांनी एकमेकांना शोधणे अशा प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी पेटंटाची पाटी लावून बसलेला आहे. बरेचदा तर एकाच जागेवर दोन-दोन पाट्या असतात.

व्यवसायाच्या निमित्ताने मी अनेक वर्षे दूरसंचाराच्या क्षेत्रातील पेटंटांची कागदपत्रे वाचत आलो आहे. माझे काम कळले की लोक हमखास विचारतात, ‘मग हे व्हिडिओ कॉलिंग शोधले तरी कोणी?’ माझे उत्तर ऐकून त्यांची निराशा होते, कारण मी नाव सांगत नाही. अशा यंत्रणेच्या बाबतीत ‘पहिला कोण’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. आधी जे होते त्यात या माणसाने नेमकी कोणती भर घातली, हे विचारायला हवे. ते ठरवणाऱ्या परीक्षकाला पुरेसा वेळ आणि त्रयस्थाला हरकत घेण्याची मुभा या दोन गोष्टी नसतील, तर पेटंट हा शोधाचा सन्मान न राहता वाटेवरचा जकात नाका होतो.

आधी काय काय होते ते थोडक्यात पाहू. ७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर वॉशिंग्टनमध्ये बोलत होते आणि न्यूयॉर्कमध्ये बेल प्रयोगशाळेतील मंडळी त्यांचा चेहरा पाहत होती. आवाज दोन्हीकडून जात होता, चित्र मात्र एकाच बाजूने. १९३६ मध्ये जर्मनीच्या टपाल खात्याने बर्लिन आणि लाइपझिग या शहरांत सार्वजनिक कक्ष उघडले. तिथे बसून एकमेकांना बघत बोलता येई. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘एटी अँड टी’ कंपनीने ‘पिक्चरफोन’ मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरू केली. महिन्याला १६० डॉलर भाडे आणि पलीकडे बोलायला फारसे कोणी नाही, अशा अवस्थेत ती सेवा काही वर्षांतच बारगळली. तात्पर्य, दूरवरच्या माणसाला बघत बोलावे ही कल्पना आपल्या आजोबांच्या पिढीतच जुनी झाली होती. त्या कल्पनेवर आता कोणालाही हक्क सांगता येत नाही. हक्क सांगता येतो तो ती साधण्याच्या एखाद्या नव्या रीतीवर.

इथे पेटंट म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवे. सरकारी मराठीत त्याला ‘एकस्व’ म्हणतात. त्या कागदाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात शोधाचे सविस्तर वर्णन असते. जाणकाराला ते वाचून ती वस्तू करता आली पाहिजे, ही अट असते. दुसऱ्या भागात हक्कदावे असतात. जमिनीच्या खरेदीखतात जशी चतु:सीमा लिहितात, पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, तसे हे दावे असतात. वर्णनात कितीही विद्वत्ता असो, मालकी तेवढीच, जेवढी चतु:सीमेत बसते. समाजाशी केलेला हा सौदा आहे: तू तुझी युक्ती सर्वांना उघड करून सांग, त्याबदल्यात अर्ज केल्यापासून वीस वर्षे ती वापरण्यापासून इतरांना रोखण्याचा हक्क तुला देतो.

शेजारचा बांध रोज थोडा थोडा कोरणारा शेतकरी आपल्याकडे प्रत्येक गावात सापडतो. पेटंटाच्या अर्जातही तेच चालते. अर्जदार पहिला दावा जितका रुंद लिहिता येईल तितका लिहितो. ‘दोन ठिकाणची यंत्रे, त्यांच्यामधील जाळे आणि चित्र-ध्वनीची देवाणघेवाण’ इतके मोघम लिहिले तर त्यात १९३६ चे लाइपझिगसुद्धा येते. परीक्षक ते अडवतो. मग अर्जदार एक अट घालतो, परीक्षक आणखी एक जुना कागद दाखवतो, पुन्हा एक अट वाढते. अशा ओढाताणीतून बांध जिथे ठरतो तिथपर्यंतच हक्क मिळतो.

दोन शोध एकमेकांवर चढतात हे काही नवे नाही. १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोनचा अर्ज आणि इलायशा ग्रे यांची आगाऊ सूचना अमेरिकेच्या पेटंट कचेरीत दाखल झाली. जेमतेम तीन आठवड्यांत, ७ मार्चला, बेल यांना पेटंट मिळाले. त्यानंतरचे खटले १८८८ पर्यंत चालले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बेल यांची बाजू चार विरुद्ध तीन मतांनी टिकली. तीन आठवड्यांत दिलेल्या हक्काची शहानिशा करायला बारा वर्षे लागली, हे इथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढेही अमेरिकेत ‘आधी कोणाला सुचले’ यावर भांडणे होत राहिली. मार्च २०१३ पासून त्यांनीही ‘आधी अर्ज कोणाचा’ ही बहुतेक जगाची रीत स्वीकारली. त्यामुळे रांगेतला क्रमांक ठरवणे सोपे झाले. मात्र रांगेत पहिल्या उभ्या असलेल्याने खरोखर काही नवे आणले आहे का, हा प्रश्न तसाच राहिला.

व्हिडिओ संभाषणाच्या क्षेत्रात तो प्रश्न फार अवघड होतो आणि त्याचे एक कारण भाषेचे आहे. एकाच गोष्टीला दूरध्वनी अभियंता एक नाव देतो, संगणकवाला दुसरे, दूरचित्रवाणीवाला तिसरे. शिवाय अर्जदाराला आपले शब्द आपणच घडवण्याची मोकळीक असते. जुना कागद कपाटात असतो, पण वेगळ्या नावाने. तो शोधायला अमेरिकेतल्या परीक्षकाला एका अर्जामागे सरासरी वीसेक तास मिळतात. त्यातच अर्ज वाचणे, शोधणे, आक्षेप लिहिणे आणि वकिलाचे उत्तर तपासणे सारे आले.

याचा परिणाम काय होतो ते एका प्रकरणावरून सांगतो. जून २०१० मध्ये ‘ॲपल’ने फेसटाइम आणले. ही पद्धत सर्व कंपन्यांसाठी खुली करू, असे स्टीव्ह जॉब्ज त्या दिवशी व्यासपीठावरून म्हणाले होते. दोनच महिन्यांत ‘व्हर्नेटएक्स’ नावाच्या छोट्या कंपनीने टेक्सासमध्ये दावा लावला. फोनने नाव विचारताच दोन यंत्रांमध्ये आपोआप सुरक्षित खासगी जोडणी उभी राहावी, अशा रीतीची तिची पेटंटे होती आणि मुळात हे काम एका संरक्षण-कंत्राटदार कंपनीत झालेले होते. २०१२ मध्ये ज्यूरीने ३६ कोटी ८० लाख डॉलर भरपाई सांगितली. मग ॲपलने फेसटाइमचा मार्ग बदलला: फोन एकमेकांशी थेट बोलण्याऐवजी संभाषण मधल्या संगणकांवरून वळवले. ग्राहकाला कारण कळले नाही, फक्त रस्ता लांबला. खुल्या पद्धतीचे आश्वासन प्रत्यक्षात आलेच नाही. अपिले संपून मार्च २०२० मध्ये ॲपलने सुमारे ४५ कोटी ४० लाख डॉलर भरले.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसऱ्या खटल्यात, खासगी जोडणीच्या सोयीसाठी, आणखी ५० कोटी २८ लाख डॉलरचा निकाल लागला. तो दोन पेटंटांवर उभा होता. पण तोवर पेटंट कचेरीच्याच अपील मंडळाने त्या दोन्ही पेटंटांतील संबंधित दावे अवैध ठरवले होते. मुख्य आधार कोणता? टोकियोच्या संशोधकांनी १९९६ मध्ये एका परिषदेत मांडलेला निबंध! रुग्णालयांसारख्या संस्थांनी आपसात बंदिस्त, सुरक्षित जाळे कसे उभारावे, हे त्यात होते. व्हर्नेटएक्सच्या पेटंटांची मुळे १९९८ मधली, म्हणजे निबंध दोन वर्षे जुना. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायालयाने मंडळाचा निर्णय कायम केला आणि ५० कोटींचा निकाल विरून गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. पहिल्या खटल्यातही हीच दोन पेटंटे इतर दोघांबरोबर होती. त्यातले भरलेले पैसे मात्र भरलेलेच राहिले.

मला यात कोणत्याही कंपनीची कड घ्यायची नाही. ॲपलला एवढे पैसे जड नाहीत आणि छोट्या कंपनीने मोठीला कोर्टात खेचणे यात गैर काहीच नाही. माझा मुद्दा एवढाच की बांध कुठे आहे हे पेटंट देताना ठरायला हवे होते. ते ठरायला वीस वर्षे लागली आणि ठरवण्याचा खर्च शेवटी वापरणाऱ्यांच्याच खिशातून गेला.

याउलट एक उदाहरण आपल्या अभिमानाचे आहे. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी अमेरिकेत चित्रातली माहिती आटवण्याची एक गणिती रीत सुचवली. १९७२ मध्ये त्यासाठी त्यांनी मागितलेले अनुदान मिळाले नाही. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका तज्ज्ञाचा शेरा होता. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती निबंधरूपाने प्रसिद्ध केली, तिचे पेटंट घेतले नाही. १९८८ चे व्हिडिओ परिषदांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक त्याच रीतीवर उभे राहिले आणि फोनमधल्या छायाचित्रांपर्यंत ती पोचली. पुढे त्या रीतीभोवती शेकडो सुधारणांची पेटंटे झाली, पण मूळ वाट सर्वांची राहिली. छापून प्रसिद्ध झालेले ज्ञान म्हणजे गावची पाणंद. ती कोणालाही आपल्या शेतात ओढता येत नाही.

पण पाणंद आहे हे सांगायला गावातले कोणीतरी उठावे लागते. हळदीचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये एका विद्यापीठाला दिले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय निबंध पुढे ठेवून फेरतपासणी मागितली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्टही छापील पुराव्याशिवाय सिद्ध होत नाही, हा त्यातला धडा.

आपल्या कायद्यात या धड्याची चांगली सोय आहे. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंट देण्यापूर्वी कोणीही, अगदी कॉलेजातला प्राध्यापकसुद्धा, लेखी हरकत घेऊ शकतो. मात्र मार्च २०२४ मध्ये नियम बदलले. पूर्वी अशा हरकतीला शुल्क नव्हते, आता आहे; शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रक आधी ठरवतो. त्याच सुमारास वर्षभरात एक लाखाहून अधिक पेटंटे दिल्याची घोषणा सरकारने अभिमानाने केली.

यावर उद्योजकांचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. पुण्यातला एखादा तरुण ध्वनिशुद्धीची युक्ती शोधतो आणि पेटंटासाठी पाच-सहा वर्षे थांबतो, तोवर बाजार पुढे निघून जातो. खोट्या हरकती घालून स्पर्धकाला लटकवणारेही आहेत. हे सारे खरे. पण घाईने मिळालेले कच्चे पेटंट त्या तरुणाच्या काय कामाचे? पहिल्याच खटल्यात ते टिकले नाही तर त्याची पुंजी वकिलांत जाईल. उलट दुसऱ्या कोणाचे रुंद, न तपासलेले पेटंट त्याच्या दारात उभे राहिले तर त्याला धंदाच गुंडाळावा लागेल. वेग हवा असेल तर परीक्षक वाढवावेत, त्यांना विषयाचे ताजे शिक्षण द्यावे. त्यांचे तास कापून वेग आणू नये.

आणि पेटंट कचेरीचे यश दिलेल्या पेटंटांच्या संख्येवर मोजणे थांबवावे. तहसील कचेरीने वर्षात किती सातबारे फाडून दिले यावरून आपण तिची परीक्षा करत नाही; किती बांधांवर पुढे मारामाऱ्या झाल्या नाहीत, हे पाहतो. शिक्षणसंस्था आणि ग्राहक संघटनांना हरकतीचे शुल्क माफ असावे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांचे चांगले प्रकल्प कपाटात कुलूपबंद न ठेवता तारखेसह प्रसिद्ध करावेत. टोकियोच्या त्या संशोधकांनी निबंध लिहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे रुग्णालये होती, कोट्यवधी डॉलरचा खटला नव्हता. त्यांनी जे केले ते छापून ठेवले, एवढ्यानेच सत्तावीस वर्षांनी एका न्यायालयाला बांध सापडला.