निकालाचे तक्ते नेमके काय मोजतात?

इंग्लंडमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षानंतर जे दोन वर्षांचे शिक्षण दिले जाते, त्यास ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात. विद्यार्थी सामान्यतः तीन विषय घेतो व अखेरीस ‘ए-लेव्हल’ परीक्षेस बसतो. विद्यापीठाचे दार त्यास उघडेल की नाही, हे बहुतांशी त्या तीन श्रेणींवर ठरते. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलांनाही याच परीक्षेतून जावे लागते. शिवाय निकालाच्या टक्केवारीवरून विद्यालयाची योग्यता ठरविण्याची सवय आपल्याकडे काही कमी नाही. तेव्हा तेथील अनुभव आपण बारकाईने पाहिला पाहिजे.

१९९२ सालापासून इंग्लंडच्या सरकारने शाळांच्या निकालांचे तुलनात्मक तक्ते प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. वृत्तपत्रांनी त्यांवरून क्रमवारी लाविली आणि पहिल्या क्रमांकाची शाळा तीच उत्तम शाळा, असा समज रूढ झाला. वकिलाच्या दृष्टीने हा पुरावा फार लंगडा आहे. जी शाळा प्रवेशाच्या वेळीच हुशार मुले निवडून घेते, अथवा जिची फी धनिकांसच परवडते, तिचा निकाल चांगला लागला तर त्यात शाळेचे श्रेय किती आणि मुलाने घरून आणलेल्या शिदोरीचे किती, याचा उलगडा त्या आकड्यावरून मुळीच होत नाही.

योग्य प्रश्न विचारणाऱ्यांत कॅरल फिट्झ-गिबन या विदुषींचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९८३ साली न्यूकॅसल विद्यापीठात त्यांनी जे काम आरंभिले, त्याचे सूत्र असे: सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत ज्यांची पातळी समान होती, अशा विद्यार्थ्यांच्या मानाने या शाळेतील विद्यार्थी पुढे गेले की मागे पडले? सध्याच्या पद्धतीत ए-स्टार या श्रेणीस ६० गुण, ए ला ५०, बी ला ४० असे उतरत जाऊन ई ला १० गुण धरतात. समजा, एका नामांकित शाळेतील मुलांकडून पूर्वीच्या निकालावरून सरासरी ४८ गुणांची अपेक्षा होती व त्यांस ४६ मिळाले. दुसऱ्या, कामगार वस्तीतील महाविद्यालयात २६ ची अपेक्षा असता ३१ मिळाले. क्रमवारीत पहिली शाळा कितीतरी वर राहील, परंतु मुलास पुढे नेण्याचे काम दुसरीने केले. २०१६ पासून सरकारी तक्त्यांतही प्रगतीचे हे माप मुख्य मापांत गणले जाऊ लागले.

मग तक्तेच बंद करावेत काय? वेल्सने २००१ साली तसे केले. ब्रिस्टल विद्यापीठातील सायमन बर्जेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळाव्या वर्षीच्या निकालांची इंग्लंडशी तुलना केली, तेव्हा वेल्सच्या शाळा मागे पडल्याचे आढळले. वरच्या चौथाईतील शाळांस त्याची झळ पोहोचली नाही. नुकसान झाले ते खालच्या शाळांचे. म्हणजे आकडे झाकून ठेवल्याने गरिबांचे रक्षण होते, हा भ्रम होय.

परंतु शाळेचे माप एकेका मुलाच्या माथी मारले म्हणजे काय अनर्थ होतो, हे २०२० साली दिसून आले. साथीमुळे परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी अंदाजित श्रेणी दिल्या व विद्यार्थ्यांचा क्रम लाविला. ऑफक्वॉल या नियामक संस्थेने त्या श्रेणी त्या त्या शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांच्या साच्यात बसविल्या. १३ ऑगस्ट रोजी निकाल लागले तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आणल्या गेल्या होत्या. ज्या शाळेत पूर्वी कोणास ए-स्टार मिळाला नव्हता, तेथील बुद्धिमान मुलास तो मिळणे जवळजवळ अशक्य झाले. वर्ग अगदी लहान असल्यास मात्र शिक्षकांचीच श्रेणी कायम राहिली, आणि असे वर्ग फी घेणाऱ्या शाळांतच अधिक. परिणामी या खाजगी शाळांत ए व त्यावरील श्रेणींचे प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ४.७ टक्क्यांनी वाढले. सिक्स्थ फॉर्म व तत्सम महाविद्यालयांत केवळ ०.३ टक्क्याने. पूर्वी कोणी कसे केले यावरून आज तुझी लायकी ठरेल, हे तत्त्व आपल्या वाचकांस नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. विद्यार्थी रस्त्यावर उतरले व १७ ऑगस्ट रोजी सरकारला ती पद्धत मागे घ्यावी लागली.

क्रमवारीच्या लोभाचा आणखी एक प्रकार आहे: कच्च्या विद्यार्थ्यास परीक्षेपूर्वीच दूर करणे. लंडनच्या आग्नेयेस ऑर्पिंग्टन येथील सेंट ऑलेव्हज ग्रामर स्कूलने पहिल्या वर्षी अपेक्षित श्रेणी न मिळविलेल्या काही विद्यार्थ्यांस दुसऱ्या वर्षात घेण्याचे नाकारले. २०१७ साली पालकांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. कमी गुण हे काही शाळेतून काढून टाकण्याचे कायदेशीर कारण होऊ शकत नाही, ही त्यांची बाजू होती. सुनावणीपूर्वीच शाळेने माघार घेतली व मुलांस परत घेतले. किती विद्यार्थी शेवटपर्यंत टिकले, याची नोंद सरकारी तक्त्यांत असते. पण निकालाच्या टक्केवारीपुढे ती वाचतो कोण?

तेथील आपल्या पालकांनी श्रेणींच्या सरासरीआधी प्रगतीचा आणि टिकून राहिलेल्यांचा आकडा पाहावा. प्रगतीचा आकडा किती मुलांवरून काढला आहे, हेही तपासावे. दहा-बारा मुलांच्या सरासरीत योगायोगाचा भाग मोठा असतो. गरीब घरांतून आलेल्या मुलांचा निकाल शाळेकडे वेगळा मागावा. सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांस माहिती स्वातंत्र्याचा २००० सालचा कायदा लागू आहे. मागणी लेखी असावी आणि तिची प्रत जवळ ठेवावी.