ढाल घडवणारी आणि ढालीमागे बसणारी



पनवेलजवळच्या रसायनीत वर्षानुवर्षं नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होत आलं. इस्रोच्या अग्निबाणांना ते लागतं. २०१७ साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा तिथला बाकीचा कारखाना बंद करायचं ठरलं, तेव्हा एवढा विभाग इस्रोकडे सोपवण्याचा निर्णय झाला. म्हणजे यान वर जायला आपल्या पंचक्रोशीचा हातभार आहे. पण ते खाली कसं येतं, हे आपण फारसं विचारत नाही.

परतणाऱ्या यानाचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर. समोरची हवा दाबली जाऊन एवढी तापते की स्पेस शटलच्या पंखांची कड १,६०० अंशांपर्यंत जाई. म्हणून उष्णतेपासून वाचवणारी ढाल लागते. काही ढाली स्वतः जळत झिजतात आणि उष्णता सोबत घेऊन जातात. शटलला मात्र सिलिकाच्या फरशा होत्या, कोलंबिया यानावर तर तीस हजारांच्या आसपास. फरशीत नव्वद टक्के पोकळी, त्यामुळे उष्णता आत सरकायला फार वेळ लागतो. फरशा हातानं चिकटवायच्या. जिथं एवढी धग नसे तिथं कापडी गोधड्या, आणि फ्लोरिडात त्या शिवायला बायका होत्या. (शिवणकाम हे तंत्रज्ञान नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

या फरशांच्या कामातून पुढे आलेली बाई म्हणजे बॉनी डनबार. जन्म १९४९, वॉशिंग्टन राज्यातल्या शेतकरी घरात. १९७१ साली सिरॅमिक इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९७५ साली पदव्युत्तर. मग रॉकवेल कंपनीत फरशा बनवण्याची यंत्रसामग्री आणि पद्धती उभारण्याचं काम. १९७८ साली अंतराळवीर होण्यासाठी अर्ज केला, निवड झाली नाही. तिनं नासातच उड्डाण-नियंत्रणाची नोकरी धरली आणि १९८० साली निवडली गेली. १९८५ ते १९९८ या काळात पाच उड्डाणं केली. जी ढाल घडवायला हात लावला, तिच्याच भरवशावर पाचदा घरी आली.

यात तिची जिद्द होतीच, पण नियमही बदलला होता. सुरुवातीला नासा फक्त लष्करी जेट विमानांचे चाचणी-वैमानिक घेई, आणि ते काम बायकांना बंद होतं. पुढे शास्त्रज्ञ-इंजिनिअरांसाठी जागा निघाल्या आणि १९७८च्या तुकडीत पहिल्या सहा बायका आल्या. बायकांची कुवत त्या वर्षी अचानक वाढली नव्हती.

आता आपल्याकडे पाहा. इस्रोनं २००७ साली एक कुपी बारा दिवस कक्षेत फिरवून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली, तिलाही सिलिकाच्या फरशा होत्या. २०१४ साली माणसं नेण्याच्या कुपीची ढाल तपासली. २०२४च्या फेब्रुवारीत गगनयानाचे चार अंतराळवीर जाहीर झाले: चौघंही हवाई दलाचे चाचणी-वैमानिक, चौघंही पुरुष. बाई आहे ती 'व्योममित्रा', २०२० साली दाखवलेला यंत्रमानव! माणसांआधी तिला पाठवायचं ठरलं. धोका तपासायला बाईचं रूप चालतं. खऱ्या बायका मात्र पुढच्या कधीतरीच्या फेरीत.

कुणी म्हणेल, जिवाचा खेळ आहे. आहेच. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी परतताना गेले. उड्डाणाच्या वेळी निसटलेल्या फोमच्या तुकड्यानं डाव्या पंखाच्या कडेला भोक पडलं होतं. इंजिनिअरांनी कक्षेतल्या यानाचे फोटो मागितले होते, ते काढले गेले नाहीत. ढालीचं ज्ञान असणाऱ्याचा शब्द निर्णयाच्या टेबलावर किती चालतो, हा प्रश्न त्यामुळे बसण्याच्या जागेइतकाच महत्त्वाचा.

पनवेलच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मुली भरपूर आहेत. ढालीचं काम तिरुवनंतपुरमला, विक्रम साराभाई केंद्रात चालतं. 'एवढ्या लांब एकटी कशी राहणार, आणि मग लग्नाचं काय' हे वाक्य कुणाकुणाच्या घरात नोकरीच्या पत्रावर उच्चारलं गेलं, आणि पुढे काय झालं, ते आम्हाला पोस्टानं कळवा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी चार पानं राखून ठेवली आहेत.